दंताजीची कुठेही जाणारी गाडी

एका जंगलात, जिथे रस्ता नव्हता पण गाड्यांची हौस दांडगी होती, दंताजी नावाचं एक रानडुक्कर राहत होतं. नीट मांडी घालून बसा मुलांनो, आणि मधेच ‘कुठली कंपनी?’ असं विचारू नका. दंताजीला तो प्रश्न विचारला की तो दोन तास बोलतो.

दंताजीच्या आईला सगळे आऊ म्हणत. आऊचे गुडघे दुखायचे. टेकडीपलीकडे बरबट तळं होतं. आऊ तिथेच जन्मली होती. तिथल्या काळ्या चिखलात एकदा लोळलं की गुडघे वर्षभर कुरकुरत नाहीत, असं ती सांगे. पण वाटेत ओढा आणि दलदल. शिवाय भर उन्हाळ्यात तळं आटून जायचं.

“यंदा तरी नेशील का रे?” आऊ विचारायची.

“नेतो म्हणजे काय! गाडीतून नेतो,” दंताजी म्हणाला, आणि त्याने गाडी घेतली.

साधीसुधी नव्हे, सिंहाची. डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी, आत मऊ कातडी सीट असलेली. कातडं कुणाचं ते जंगलात विचारायचं नसतं. पंधरा वर्षं वापरून सिंहाने ती काढून टाकली होती, कारण सिंहाला तेवढी अक्कल होती. सीटवर त्याच्या आयाळीचे चार केस चिकटलेले होते. दंताजीने ते झाडले नाहीत. पाहुणे आले की तो चहाच्या आधी ते केस दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाडी खाली बसलेली! या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या, आणि पिशव्यांतली हवा निघून गेली होती. दंताजीने सायाळ मिस्त्रीला बोलावलं. पाठीवरच्या काट्यांत पाने-पकडी खोचून मिस्त्री आला आणि गाडीखाली शिरला.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, “मालक, गाडी एक नंबर आहे. फक्त या पिशव्या काढून स्प्रिंगा टाकू. आणि खोललंच आहे तर वीतभर उंच करून घ्या.”

मुलांनो, जगात भुतं नसतात. पण ‘खोललंच आहे तर’ हे असतं, आणि त्याला घाबरायला शिका.

गाडी उंच झाली तशी चाकं लहान दिसू लागली. मोठी चाकं घातली तर ती पत्र्याला घासू लागली. म्हणून पत्रा कापला. पत्रा कापताना एक वायर तुटली आणि स्टिअरिंगसमोर सतरा दिवे लागले. मिस्त्रीने सोळा विझवले. सतराव्यावर त्याने चिकटपट्टी लावली.

“हा कशाचा दिवा आहे?” दंताजीने विचारलं.

“हा असू द्या, मालक. गाडीला शोभा आहे.”

तोवर तळं आटलं. “असू दे बाळा, पुढच्या वर्षी जाऊ,” आऊ म्हणाली आणि गुडघे चोळत बसली.

पुढच्या वर्षी माकडं उगवली. त्यांच्यापैकी एकाकडेही गाडी नव्हती, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

“विंच नाही? आणि हे दलदलीत निघालेत!” एक माकड म्हणालं.

विंच म्हणजे पुढच्या बंपरवरची पोलादी दोराची गुंडाळी. गाडी रुतली की दोर झाडाला बांधायचा आणि बटण दाबायचं. यंत्र दोर गुंडाळतं, गाडी बाहेर येते. दंताजीने विंच बसवली. मग पाण्यात श्वास घेणारी नळी बसवली, टपावर दिव्यांची रांग लावली, मागे फ्रीज ठेवला. फ्रीजमध्ये काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून त्यात इंजिन ऑइल ठेवलं.

दंताजी आता दिवसातून दोनदा आंघोळ करी. सीट खराब होऊ नये म्हणून. चिखलात चालणारी गाडी घरी आल्यापासून त्याने चिखलात पाय ठेवला नव्हता. त्याच्या अंगाला साबणाचा वास येई आणि इतर डुकरं त्याला अहो-जाहो करू लागली.

तळं पुन्हा आटलं.

तिसऱ्या वर्षी आऊ स्पष्टच बोलली. “दंत्या, पुढचा उन्हाळा मला दिसेल असं वाटत नाही. न्यायचं तर आज ने.”

दंताजीचा आईवर फार जीव होता. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही त्याला नुसता बिनडोक समजाल. त्याने ताबडतोब गाडी काढली.

पण गाडीचं दार आऊच्या डोक्याच्याही वर होतं. पायरी अजून बसवायची राहिली होती. मागच्या सीटवर सुटे भाग होते आणि टपावर माकडं येऊन बसली होती.

“मी चालते रे पुढे. तुला वाट दाखवते,” आऊ म्हणाली.

तर अशी मिरवणूक निघाली. माळ लागला, मग ओढा आला. ओढ्यात खुरभर पाणी होतं. गाडी मधोमध गेली आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘चिखल आढळला. आपल्या सुरक्षेसाठी गाडी बंद होत आहे.’

“विंच! विंच!” माकडं ओरडली. त्यांना आनंद झाला होता.

दोर काढला. बांधायचा कशाला? चहूकडे माळ, एक झुडूप नाही. सगळ्यांनी आऊकडे पाहिलं.

“बांध मला,” आऊ म्हणाली. “तू झालास तेव्हा मी वाघ अडवून धरला होता. ही तर नुसती गाडी आहे.”

दंताजीने बटण दाबलं. कर्रर्र झालं आणि यंत्र थांबलं. बॅटरी फ्रीजने आणि दिव्यांनी संपवली होती. आऊने थोडा वेळ वाट पाहिली. मग मान खाली घातली आणि ती चालू लागली.

गाडी निघाली. ओढा गेला, दलदल गेली, टेकडी गेली. दंताजी आत स्टिअरिंग धरून बसला होता.

“आई, जरा डावीकडून! पत्रा घासेल!”

तळ्यात कोपऱ्यापुरता चिखल उरला होता. आऊने त्यात अंग टाकलं आणि ती हसता हसता रडू लागली. “माझ्या आईचा वास आहे रे याला,” ती म्हणाली. “ये, दंत्या. उतर.”

दंताजीला उतरावंसं वाटलं. फार वाटलं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या, शेपटी हलली. मग त्याने सीटवरच्या त्या चार केसांकडे पाहिलं.

“नको आई. सीटला डाग पडतील.”

माकडांनी टाळ्या पिटल्या. “आली की नाही इथवर? सिंहाची गाडी आहे!” त्यांनी फोटो काढला. फोटोत गाडी छान आली, दोरही छान आला. दोराचं दुसरं टोक तेवढं मावलं नाही.

ऊन उतरलं तशी आऊ उठली. तिचे गुडघे खरोखरच हलके झाले होते.

“आता परत कसं जायचं रे?” तिने विचारलं.

“असं काय करतेस आई, गाडी आहे ना!” दंताजी म्हणाला, आणि त्याने दोर तिच्या गळ्यात अडकवला.

तात्पर्य : मुलांनो, जुनी गाडी कधीही टाकून देऊ नका. नीट निगा राखली तर ती कुठेही पोहोचते. दरवर्षी चिखल लावून आईचे गुडघे तेवढे चालू ठेवा.