शकूमावशी आणि खालिस तांबं

आमच्या औरंगपुऱ्यातले भाजीवाले शकूमावशीला सुटे पैसे द्यायला घाबरायचे. हातात आलेलं नाणं ती बोटाच्या टोकावर तोलून धरायची, दुसऱ्या नाण्यानं त्याला टिचकी द्यायची आणि डोळे मिटून कान लावायची. मागं गिऱ्हाईकं ताटकळलेली. मग निकाल यायचा, "खालिस नाय. पण चालंल."

मावशी आमची शेजारीण, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. निजामाच्या काळात उर्दू शिकल्यामुळं तिचं कौतुक 'खालिस'मध्ये, म्हणजे अस्सलमध्ये, मावायचं आणि राग 'मिलावट'मध्ये. लग्न केलं नाही, नाणी जमवली. कुणाच्या तरी स्मरणार्थ सरकार जी पेटीबंद नाणी काढतं, ती. त्यांवर चेहरा कुणाचा, हे ती शेवटी बघायची.

"चेहरा कुणाचाबी छापता येतो," ती म्हणायची. "धातू कोणता घातलाय ते बघा."

माणसंही ती अशीच पारखायची. माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगा पोहे खाऊन गेला, तशी ती म्हणाली, "पोरगा नव्या रुपयासारखा आहे. स्टेनलेस. डाग पडायचा नाय, पण चुंबक दिसलं की चिकटंल." चुंबक म्हणजे त्याची आई. लग्न झालं. मावशीचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

मराठवाड्याच्या मुक्तीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्या गल्लीनं समिती केली. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लढलेल्यांना, आणि जे परतलेच नाहीत त्यांच्या घरच्यांना, एकेक स्मृतिनाणं द्यायचं ठरलं. मीही समितीत होतो. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "पितळ घेऊ, वर सोन्याचं पाणी. लई झगमगंल."

मावशी ताडकन उठली. "अण्णा, लोकांनी जीव खरा दिला, आणि तुम्ही त्यांना मुलामा देताय?"

"बरं, मग चांदी?"

"चांदी कपाटात जाती. तांबं घ्या. खालिस. आणि वर चकाकीचा लेप बिलकुल नको."

"काळं पडंल की हो!"

"पडू द्या."

शेवटी अण्णांनी हात टेकले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नाणी पडायला लागली, तेव्हा मावशी यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसली. पहिला ठसा उथळ आला. तिनं तो परत केला. दुसराही केला. मनासारखं नाणं हातात आलं तसं तिनं ते वाजवलं, त्या खडखडाटात कानाशी नेलं आणि म्हणाली, "व्हय. आता बोलतंय."

समारंभाला मुंबईचे संग्राहकही आले. एकजण अण्णांच्या मागंच लागला, "एक तरी विकत द्या. असं काम कुठं बघायला मिळत नाही." अण्णा छाती काढून म्हणाले, "ज्यांचं आहे त्यांनाच मिळणार. आमच्या मावशींनी घडवलंय!" सगळी गल्ली त्या दिवशी ताठ मानेनं चालत होती.

मग फुलंब्रीचे सरपंच माईकवर आपल्या गावची नावं पुकारू लागले. न परतलेल्या एका मुलाचं नाव आलं आणि माझ्या शेजारून मावशी उठली. तो तिचा थोरला भाऊ होता. इतकी वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो, पण हे मला माहीत नव्हतं.

नाणं घेऊन ती जागेवर आली आणि त्यावर उजव्या हाताचं एक बोट जोरात दाबून बसली.

मी हळूच म्हणालो, "मावशी, घामाचं बोट आहे. तांब्यावरून ठसा जायचा नाही."

"जाऊ नये म्हणूनच तांबं घेतलं," ती म्हणाली. "दादाचा एक फोटोबी नाय माझ्यापाशी. गेला त्या दिवशी हेच बोट धरून मला वेशीपर्यंत घेऊन गेला. तिथं सोडलं आणि म्हणाला, शकू, जा आता घरी."