दुसरा बकरा पाहा

आसेगावच्या हरीओमला थट्टेची भारी चीड. गेल्या एक एप्रिलला मोबाईलवर कुणीतरी 'सरकार फुकट ड्रोन देतंय' असं टाकलं आणि हा पठ्ठ्या अर्धं गाव जीपमध्ये कोंबून मंगरूळपीरच्या तहसीलीत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून त्याचं नावच ड्रोनभाऊ पडलं.

यंदा त्यानं पक्का बंदोबस्त केला. आपल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या ज्या कॉम्प्युटरवर तो मोबाईलचे मेसेज उघडायचा, त्याच्या ब्राउझरमध्ये 'थट्टामुक्ती' नावाचं एक्स्टेन्शन बसवलं. जे खरं वाटण्याजोगं नाही ते हे यंत्र लपवून टाकायचं, आणि पाठवणाऱ्याला परस्पर उत्तरही धाडायचं: 'मी थट्टेत भाग घेत नाही. दुसरा बकरा पाहा.'

"आता मले कोनी बनवून दाखवावं," तो आईला म्हणाला.

"तुह्यात बनवाले शिल्लक काय राह्यलं?" गोजराबाई भाकरी थापता थापता बोलली.

एक एप्रिलला सकाळी रिसोडच्या रामकिसनरावांचा मेसेज आला. हरीओम महिन्यापूर्वी त्यांची पोरगी वैजयंती पाहून आला होता. त्याआधी नऊ ठिकाणचे नकार पचवलेले. मेसेज होता: 'पोरीची पसंती आहे. बोलणी करायला कधी येऊ?'

हरीओमला पोरगी हो म्हणते, ही गोष्ट यंत्राच्या बुद्धीला काही पटली नाही. त्यानं आपलं काम चोख केलं.

घटकाभरात फोन वाजला. "बकरा कोनाले म्हनलं? मले का माह्या पोरीले?"

हरीओम मिळेल त्या जीपला लोंबकळत रिसोडला पोचला. रामकिसनरावांच्या ओसरीवर उभं राहून त्यानं घाम पुसत सगळं सांगितलं. "मी नाही जी, कॉम्प्युटरनं पाठवलं."

"माह्या होकाराले त्यानं थट्टा काहून समजलं?" वैजयंतीनं विचारलं.

"मले कोनी हो म्हनीन, हे त्याले खरं नाही वाटलं."

वैजयंतीनं पदर तोंडाला लावला. हसू काही आवरेना. "खरं बोलते मानूस," ती बापाला म्हणाली. "माहा होकार कायम हाय."

हरीओमची छाती जीपच्या टपाएवढी झाली. रामकिसनराव त्याला फाट्यापर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली केला.

"जावईबुवा, ते मशीन माह्याही मोबाईलवर बसवून देसान का? मले तोंडावर नाही म्हनताच येत नाही कोनाले."

"बसवतो ना मामा. कोनासाठी पायजे?"

"आता काय उपेग," रामकिसनराव म्हणाले. "महिन्याभरापह्यले पायजे होतं."