भुलाबाईची बोट

टिण्.

दुपारच्या शांततेत फरशीवर स्क्रू पडला, घरंगळत पाळण्याखाली गेला आणि आठ महिन्यांच्या पियुषनं एक डोळा उघडला. चाळीस मिनिटं पाळण्याची दोरी ओढून मयुरीनं तो डोळा मिटवला होता.

"अवो!" ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"स्क्रूच होता वं," प्रफुल पुटपुटला. त्याच्या पुढ्यात तीन फुटी बोट पोट उघडून पडली होती.

सेलूत प्रफुलचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. दिवसभर लोकांच्या मोटारी बांधून मन भरत नव्हतं, म्हणून त्यानं रिमोटवर चालणारी ही पेट्रोलची बोट नागपूरच्या मित्राकडून आणली होती. गेल्या आठवड्यात अंगणातल्या टाक्यात ती सुरू केली, तेव्हा असा आवाज आणि असा धूर झाला, की डासांची फवारणी आली समजून शेजारच्या देवकाबाईंनी माठ झाकले आणि नाकाला पदर लावून हाक मारली, "आमच्या नालीत बी मारजो रे बाप्पा!" पियुष मात्र रडून रडून निळा झाला.

"एक तं बोट राहीन, नाई तं मी," मयुरीनं सांगून टाकलं.

पण बोट फेकताही येत नव्हती. सहा वर्षांच्या आचलनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की यंदा आमची भुलाबाई बोटीतून सासरी जाईन. महिनाभर माहेरपणाला बसलेली मातीची भुलाबाई; पोरींनी रोज तिच्यापुढे गाणी म्हटलेली, डबे हलवून खाऊ ओळखलेला. आज पाच वाजता तिची पाठवणी. मग ठरलं, पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि बॅटरीवरची मोटर बसवायची.

मोटर दुकानातून आली. बॅटरी मयुरीच्या सासऱ्यांच्या, प्रभाकररावांच्या, फवारणी पंपातून निघाली. "आता कपाशीवर मी तोंडानं फुकू का?" असं त्यांनी विचारलं, पण नातीकडे बघून पंपाचं झाकण स्वतःच उघडून दिलं. जड बॅटरी मागे बसली तशी बोटीनं नाक वर केलं. पुढे वजन हवं, म्हणून प्रफुलनं आईच्या खलातला लोखंडी बत्ता गुपचूप आणून नाकात घट्ट बांधला आणि वर झाकण लावलं. उरल्या फक्त दोन वायरी.

तेवढ्यात पियुषनं दुसराही डोळा उघडला.

"पडदे ओढा, लाइट बंद करा," मयुरी म्हणाली.

"अंधारात वायरी कशा जोडू?"

"दुकानात रोज जोडता ना? हात सवयीचे असतीन."

हात सवयीचे होते. लाल कुठली आणि काळी कुठली, एवढंच त्या हातांना दिसलं नाही.

पाच वाजता तलावाच्या पायऱ्यांवर अर्धी गल्ली जमली. "मधोमध नेतो, गर्रकन वळवतो, भुलाबाई अलगद पाण्यात," प्रफुलनं समजावलं. आचलनं भुलाबाईला बोटीच्या नाकाकडे तोंड करून बसवलं आणि पोरींनी गाणं धरलं. त्यानं रिमोटचा खटका पुढे ढकलला. आवाज नाही, धूर नाही. बोट गुपचूप मागे सरकली आणि प्रभाकररावांच्या अंगठ्यावर आदळली.

"व माय! पोरगी जातच नाई म्हणते," देवकाबाई हसल्या.

"लाल-काळी उलटी लागली," प्रफुल हळूच म्हणाला आणि त्यानं मयुरीकडे पाहिलं. मयुरी पियुषचं टोपडं नीट करत होती.

"गावाच्या मोटारी सरळ फिरवते," प्रभाकरराव अंगठा चोळत म्हणाले, "आन् घरची पाहा!"

"बाबा, बोटच उलटी ठेवा ना," आचल म्हणाली.

तशी ठेवली. आता बोट मागं मागं जात निघाली आणि भुलाबाईचं तोंड किनाऱ्याकडे. पोरींचं गाणं आपोआप थांबलं.

"पाहत पाहत जाऊन राह्यली वं," देवकाबाई म्हणाल्या.

"सासरी येतानी मी बी बैलबंडीत अशीच बसली होती," मयुरीच्या सासूबाई, सुमित्राबाई, पाण्याकडे बघत बोलल्या. "केळझरचं देऊळ दिसेनासं होईस्तोर."

मयुरीला माहेरचा, गिरडचा बस थांबा आठवला. तिनं पियुषला जरा घट्ट धरलं.

मधोमध पोचताच प्रफुलनं बोट गर्रकन वळवली. बत्त्याच्या वजनानं बोट इतकी स्थिर राहिली, की भुलाबाई हललीसुद्धा नाही. बोट मात्र गोल फिरून सरळ पायऱ्यांकडे परतली. दुसऱ्यांदा पाठवली, परत आली. तिसऱ्यांदा पायरीवर अशी आपटली, की नाकावरचं झाकणच उघडलं.

"माहा बत्ता!" सुमित्राबाई ओरडल्या. "दुपारपासून धुंडून राह्यली मी!"

"काढ तो बत्ता, आन् पाठव तिले," प्रभाकरराव म्हणाले. "दिवस बुडून राह्यला."

सुमित्राबाई खाली वाकल्या. पण बत्त्याला हात न लावता त्यांनी पदरानं भुलाबाईच्या तोंडावरचे थेंब टिपले. "राहू द्या आजचा दिवस," त्या म्हणाल्या. "एवढी तीनदा आली."

सगळे घराकडे निघाले. प्रफुलच्या डोक्यावर बोट, मयुरीच्या खांद्यावर गाढ झोपलेला पियुष, आचलच्या हातात भुलाबाई.

"आई, उद्या जाईन ती?"

"हाव, उद्या."

"उद्या बी परत आली तं?"

"तं परवा."

आचल दहा पावलं विचार करत चालली. मग थांबली.

"आई, तिले जाचंच नाई, तं आपण तिले कायले पाठवून राह्यलो?"