मास्तरांनी लावलेली पहिली तीन बटणं

"आपलं बटण माणसाच्या आधी जाणार नाही!" असं टेलरमास्तर चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आले होते. आणि खोटं काय होतं त्यात? कोट विरायचा, अस्तर लोंबायचं, आतला माणूस म्हातारा व्हायचा, पण बटण जागचं हलायचं नाही!

फक्त त्यातलं एकही बटण मास्तरांनी लावलेलं नव्हतं. बेतणं, कापणं, शिवणं त्यांचं. बटणं आतल्या खोलीत बसून त्यांची बायको लावायची. मास्तरांनी हे लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि फुशारकी एकदा अंगवळणी पडली की अंगरख्यासारखी सहज उतरवता येत नाही. गेल्या वर्षी बायको वारली. तेव्हापासून मास्तर नुसते चेनचे आणि नाडीचे कपडे शिवत होते. "हल्ली हीच फॅशन आहे," असं ते गंभीरपणे सांगायचे.

अशात शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायला निघाले. निरोपाच्या समारंभासाठी कोट हवा, तोही जाड लोकरीचा.

"आणि मास्तर, बटणं तुमची ती नेहमीची!"

नाही म्हणावं तर अब्रू जाते. "त्यात काय मोठंसं!" मास्तर म्हणाले.

तीन बटणांना तीन दिवस लागले. बोटांची चाळण झाली. पण दोरा असा आवळला, की बटण कापडात रुतून बसलं. ओढून पाहिलं. ढिम्म हललं नाही! मास्तरांचा ऊर भरून आला. हिला दाखवायला हवं होतं, असं त्यांना वाटलं आणि मग बराच वेळ त्यांनी दिवा लावला नाही.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या ऑफिसात मास्तरांनी सरांना जातीने कोट चढवला. बटण काजात जाईना. "सर, पोट आत." सरांनी पोट आत घेतलं. शिपायाने मागून गुडघा टेकवला, मास्तरांनी पुढून अंगठा रेटला, आणि तिन्ही बटणं एकदाची लागली.

"श्वास घेऊ का?" सरांनी विचारलं.

"थोडा थोडा घ्या."

सभागृह खच्चून भरलं होतं. सर माईकपाशी गेले, घसा खाकरला आणि त्यांनी हात कोटाच्या आत घालायला नेला. भाषण आतल्या खिशात होतं. चष्माही तिथेच. हात आत जाईना, बटण निघेना! छत्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट, समोर चारशे माणसं, आणि सर स्वतःच्याच कोटाशी झटापट करत उभे. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांचे डोळे भरून आले.

मास्तर धावत स्टेजवर गेले. ओढलं, पिरगाळलं, दातही लावून पाहिले. शेवटी सरांची बायको वर आली. तिने एका बटणाखाली नख घालायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

"अहो मास्तर, काडी घातली नव्हती का?"

"कसली काडी?"

"बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे. मग काडी काढून तेवढ्या ढिलाईला दोऱ्याचे वेढे द्यायचे. म्हणजे जाड कापडाला जागा राहते."

घरात काड्यापेट्या जातात कुठे, यावरून मास्तर चाळीस वर्षं बायकोला बोल लावत आले होते!

त्यांनी खिशातून कात्री काढली. एक, दोन, तीन. बटणं टणटण करत स्टेजभर घरंगळली. मास्तर माईकपाशी गेले.

"मंडळी, ही माझी बटणं. पहिलीच. आधीची सगळी तिची होती. मी फुकट मिरवलं. मला क्षमा करा."

सरांनी हळूच खिशातून भाषण काढलं. त्यांची बायको मास्तरांच्या कानाशी वाकली.

"आम्हाला माहीत होतं हो."

"तुम्हाला?"

"सगळ्यांनाच. तीच बजावायची, 'ह्यांच्यासमोर बोलू नका हं. बिचारे एवढे खूश असतात.'"

मास्तरांना बायकोचा असा राग आला, असा राग आला, की तडक घरी जावं आणि तिच्याशी कडाडून भांडावं! ते स्टेजवरून उतरले, खुर्च्यांमधून वाट काढत तरातरा निघाले, आणि पार दारापर्यंत गेल्यावर थबकले.

मग परत येऊन गुपचूप शेवटच्या रांगेत बसले.