अण्णा खाली थांबतात

गांगुर्डे अण्णांना नाशिकच्या आसपासचा प्रत्येक डोंगर ठाऊक होता, आणि त्यातल्या एकाही डोंगरावर ते कधी चढले नव्हते.

हे मला कळायला वेळ लागला. शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी मनमाडहून नाशिकला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते आणि मावशीकडे राहत होते. पहिल्याच आठवड्यात भांडार विभागातले एक पोक्त गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा, हातात पानाची चंची.

"पगारेबाई, चपला कुठल्या आहेत तुमच्याकडं?"

मी गोंधळले. साध्याच आहेत म्हटलं.

"मग कॅनव्हासचे बूट घ्या. रविवारी अंजनेरीला जायचंय. कसं बघा, सगळी कचेरी येते. डबा आणू नका. जेवण माझ्याकडं."

एवढं बोलून गांगुर्डे अण्णा गेले. मी येते असं म्हटलंच नव्हतं, पण रविवारी सकाळी स्टँडवर हजर झाले, आणि पायांत कॅनव्हासचे बूटही होते.

त्र्यंबकच्या गाडीत अण्णांनी मला सगळी वाट तोंडी सांगितली. "खिंडीतल्या पायऱ्या संपल्या की गार वारा लागतो. तिथं घोटभर पाणी प्या, पण बसू नका. बसलात की उठायचं मन होणार नाही. मग सपाटी. मंदिर. पुढं तळं. तळ्याच्या कडेला ओली माती असते, घसराल." मला वाटलं, या माणसाचा निम्मा जन्म त्या तळ्याकाठी गेला असणार. पायथ्याशी उतरल्यावर अण्णांनी एका आंब्याखाली गोणपाट अंथरलं, पिशवीतून पातेलं काढलं, तीन दगड मांडले आणि म्हणाले, "जा तुम्ही. मी आहे खाली."

"अण्णा, तुम्ही?"

"इथं कुत्री फार. सामान राखायला कोणीतरी पाहिजे."

वर गेल्यावर सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणे होतं. वारा, मंदिर, तळं, अगदी घसरायची जागासुद्धा. मी कौतुकानं तसं म्हटलं, तर टपाल विभागातले सोनवणे पोट धरून हसायला लागले. "अहो, त्यांनी कुठं बघितलंय? आम्ही खाली गेलो की आम्हालाच विचारतात, वर काय दिसलं, काय लागलं, कुठं वळलात. तेच पुढच्याला सांगतात!"

अण्णांना उंचीची भीती वाटायची. साधी नव्हे, हाडात बसलेली भीती. पांडवलेण्यांना ज्या पायऱ्या आमच्या मावशीसारख्या बायका गप्पा मारत चढायच्या, तिथं अण्णा खालच्या चहाच्या टपरीवर थांबत. ब्रह्मगिरीला त्यांचा गुडघा दुखायचा, रामशेजला दुसरा. सप्तशृंगीच्या गडाला त्यांनी देवीला खालूनच हात जोडले आणि म्हणाले, "तिला दिसतं." सरकारी वसाहतीत त्यांना वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. ती त्यांनी तळमजल्यावरच्या, संडासाशेजारच्या खोलीशी आनंदानं बदलून घेतली. कचेरीत भिंतीवरचं कॅलेंडर बदलायचं तर ते स्टूल आणत, भिंतीशी नीट लावत, हलतं का ते बघत, आणि मग शिपायाला हाक मारत.

सोनवणे त्यांना छळायचे. "अण्णा, आज माती टाकून कचेरीचा रस्ता उंच केलाय, जपून या." अण्णा हसायचे. ते रागावलेले मी कधी पाहिले नाहीत. फक्त भात गिचका झाला असं कोणी म्हटलं, तर मात्र दिवसभर बोलत नसत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यावर ते बोलत नसत आणि कोणी विचारतही नसे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही हरिहरला गेलो. त्र्यंबकच्या पलीकडचा हा किल्ला म्हणजे सरळ उभा कातळ आणि त्यात खोदलेल्या पायऱ्या. पायऱ्या कसल्या, दगडात कोरलेली शिडीच. दोन्ही बाजूंना हात घालायला खोबणी आहेत, त्यांत बोटं रोवून चढायचं. त्या दिवसांत तिथं फारसं कोणी जात नसे. कातळाच्या खाली एक सपाट माळ लागतो, तिथपर्यंत मात्र साधी जंगलातली वाट आहे. त्या माळापर्यंत अण्णा आले, हेच आम्हाला नवल वाटलं. पण चूल मांडून बसले ते किल्ल्याकडे पाठ करून.

"जा तुम्ही. मी आहे खाली. आज मसालेभात आणि कढी."

चढताना मला काही वाटलं नाही. डोळ्यांसमोर दगड, त्यामागून दगड. वर मारुतीचं ठाणं होतं, तळं होतं, लांबवर वैतरणेचं पाणी चमकत होतं. आम्ही तिळगूळ खाल्ला, गाणी म्हटली.

उतरताना मात्र मधेच माझा पाय पायरी चाचपायला लागला, म्हणून मी खाली पाहिलं. माझ्या दोन पावलांच्या मधून मला सगळी दरी दिसली. एक घार माझ्या खालून उडत होती.

मी कातळाला पोट लावून उभी राहिले. खोबणीतली बोटं मला सोडता येईनात. साडीचा काष्टा घातला होता तरी वाऱ्यानं पदर फडफडत होता, आणि तो आवरायला हात मोकळा नव्हता.

वरून सोनवणे म्हणाले, "पगारेबाई, काही नाही हो. एक पाय टाका फक्त."

आधीच उतरलेले खालून ओरडत होते. खाली बघू नका. घाबरू नका. देवाचं नाव घ्या. प्रत्येक आवाजासरशी माझी बोटं खोबणीत जास्तच रुतत गेली. सोनवण्यांना माझ्या अंगावरून खाली येता येत नव्हतं, आणि खालून वर यायला कोणी धजत नव्हतं. मला रडूही येत नव्हतं. वाटत होतं, बोटं आपोआप सुटतील, आणि सुटतील तेव्हा आपल्याला कळणारही नाही.

मग खालचा आरडाओरडा एकदम थांबला.

नंतर मला सांगितलं ते असं. कोणीतरी धावत चुलीपाशी गेलं होतं. अण्णांनी पळी खाली ठेवली, चपला काढल्या, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात घातला, आणि ते पायऱ्यांकडे चालायला लागले.

मला ऐकू आला तो त्यांचा श्वास. लोहाराच्या भात्यासारखा. मग माझ्या टाचेजवळून आवाज आला, "पोरी, मी आलोय. लगेच बोलू नको. मलाही बोलवत नाहीये."

थोडा वेळ आम्ही दोघं नुसते कातळाला चिकटून होतो.

"अण्णा, मला भीती वाटते."

"वाटणारच. उंच आहे." त्यांनी दम घेतला. "माझ्या हातांना इतका घाम फुटलाय, की दगड ओला झालाय बघ."

"मी नाही बघणार."

"नको बघू. मी चष्मा काढून आलोय. मला खालचं सगळं धुकं दिसतंय. बरं दिसतंय."

मला हसू फुटलं, आणि हसताना खोबणीतली बोटं जराशी सैल झाली.

"आता कसं बघ. तुझा डावा पाय मी धरतो आणि खालच्या पायरीवर ठेवतो. तू काही करायचं नाही. पाय माझ्या हातात सोडून द्यायचा."

"अण्णा, तुम्ही माझे पाय नका हो धरू. तुम्ही मोठे."

"ते खाली गेल्यावर बघू."

त्यांचा हात घोट्याला लागला. थंडगार होता, आणि घामानं ओला. त्यांनी माझं पाऊल उचललं, पायरीवर ठेवलं, वरून दाबलं. "टेकला?" "टेकला." मग उजवा. मग ते स्वतः एक पायरी उतरायचे, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. मला तो ऐकू येतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते कढीबद्दल बोलायला लागले. ताक आंबट मिळालंय. फोडणी द्यायची राहिलीय. कढीपत्ता वाडीतल्या म्हातारीनं दिलाय. मधेच थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि पुन्हा, "टेकला?"

माळावर पाय लागले तेव्हा मी खाली बसले ती उठेचना. बायकांनी मला पाणी दिलं. अण्णा मात्र करवंदीच्या जाळीमागे गेले. त्यांना उलटी होत होती, ते सगळ्यांना ऐकू आलं. परत आले तेव्हा चष्मा कानावर बसवता येत नव्हता. सोनवणे पुढे झाले, त्यांनी तो हलक्या हातानं अण्णांच्या डोळ्यांवर बसवला. त्या दिवसापासून त्यांनी अण्णांची थट्टा कधीच केली नाही.

भात करपला होता. अण्णांनी पातेल्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "असं कधी होत नाही माझ्याकडून," ते म्हणाले. आम्ही तो करपलेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

परतीची गाडी यायची होती. स्टँडवर मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी विचारलं, "अण्णा, इतकी भीती वाटते, मग दर रविवारी डोंगरावर कशाला येता? दुसरीकडं कुठं नेत जा ना सगळ्यांना."

ते चंचीची दोरी गुंडाळायला लागले.

"बागेत नेलं तर माणसं डबे घेऊन येतात," ते म्हणाले. "डोंगरावरून उतरलेल्या माणसाला भूक लागलेली असते. लांबूनच ओरडत येतात, अण्णा, काय केलंय? घरी मला कोण विचारतं, काय केलंय म्हणून?"

गाडी आली. जागेसाठी गडबड झाली, आणि अण्णा सगळ्यांची बोचकी आत द्यायला लागले.

पुढच्या रविवारी चामरलेण्यांना जायचं ठरलं. सगळे वर निघाले, मी गोणपाटावर बसले.

"तुम्ही नाही जात?" अण्णांनी विचारलं. मी पुन्हा पगारेबाई झाले होते.

"भीती म्हणून नाही. कंटाळा आलाय. विळी द्या, कांदा चिरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विळी सरकवली, आणि गोणपाटावर थोडे बाजूला झाले. मला स्वयंपाकाची सवय नव्हती. त्यांनी दोनचारदा तिरक्या नजरेनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"आमची कुसुम असाच जाड चिरायची," ते म्हणाले. "मी रोज बोलायचो तिला."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मान खाली घालून कांदा बारीक चिरायला लागले.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "जाडच चिरा."