न बोलावता आलेली नगरपालिका

"दहा मिनिटांचं काम! वर कोणाला कळणारसुद्धा नाही!" त्रिफोनने तळघरात छाती फुगवून जाहीर केलं. ऐकायला अर्थातच कोणी नव्हतं.

अकरा वर्षं तो दोल्ना रेका गावाच्या नगरपालिकेचं नेटवर्क सांभाळत होता, आणि अकरा वर्षांत वरच्या तीन मजल्यांपैकी एकालाही त्याची आठवण झाली नव्हती. आज एक फेब्रुवारी, त्याचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. नामदिनाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याच्या लक्षात असेल तो आपणहून येतो. त्रिफोन दरवर्षी घरची वाइन आणि चीज भरलेली बानित्सा घेऊन वाट बघायचा, आणि संध्याकाळी ती बानित्सा एकटाच संपवायचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात. फार वाईट वाटायचं त्याला.

नुसतं दाराकडे बघत बसण्यापेक्षा काम बरं, म्हणून त्याने एक स्विच, म्हणजे वरचे कॉम्प्युटर आणि फोन जोडणारा डबा, बदलायला घेतला. चार स्विच केबलने एकमेकांना जोडलेले. त्यांतला एक म्होरक्या, तो सांगेल तसं बाकीच्यांनी वागायचं. चौथा म्हातारा झाला होता. त्याला हळूच सोडवून बाहेर काढलं. उरलेले तिघं बिनबोभाट चालत राहिले.

नवा स्विच तीन दिवस टेबलावर चालूच होता. तशी गरज नव्हती. पण हिरवे दिवे लुकलुकले की खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटायचं! एकटाच आहे बिचारा, म्हणून त्रिफोनने त्याला लाडाने म्होरकेपणाचा पहिला मानही देऊन टाकला होता. नवा गडी आधी बंद करायचा, मग जोडायचा, हे त्याला झोपेतही माहीत. पण ते दिवे विझवायला हात होईना. त्याने लांब वायरीसकट तो चालूच उचलला आणि जोडला!

झालं! नव्याने आल्या आल्या गादी बळकावली. त्याला स्वतःला काडीचं माहीत नव्हतं, आणि जुने तिघं पाठ असलेलं सगळं विसरून त्याच्या मागे गेले. वर कॉम्प्युटर ठप्प, फोन मुके!

जिन्यावर पावलं धडधडली.

"अहो, जन्मदाखला अर्धाच छापून आला!" जन्मनोंदणीच्या स्नेझानाबाई ओरडल्या. "मूल बापाविना राहिलं!"

"माझ्या खिडकीशी सतरा माणसं शिव्या घालताहेत!" करवसुलीचा पेंचो धापा टाकत म्हणाला. "आणि इथे... हा वास कसला हो?"

"बानित्सा. घ्या ना," त्रिफोन पुटपुटला.

"ही काय खायची वेळ आहे?" असं म्हणत पेंचोने दुसरा तुकडा उचलला.

बघता बघता तळघरात चौदा माणसं झाली. वाइनचं बूच कोणी उघडलं, कळलंच नाही.

"अगंबाई! एक फेब्रुवारी! म्हणजे त्रिफोन, आज तुमचा नामदिन की!" स्नेझानाबाईंनी कपाळावर हात मारला. "सांगायचं नाही का?"

"सांगायचं नसतं ना, बाई."

सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, पेंचोने तर गाणंच लावलं. त्रिफोनकडे जुन्या मांडणीची प्रत होती. पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं असतं. ती प्रत शोधायला त्याने पाऊण तास लावला.

शेवटी दिवे नीट लागले. वर फोन खणखणले, आणि मिनिटभरात तळघर रिकामं! उरला तो, आणि चौदा उष्टे पेले.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. 'असा प्रकार पुन्हा घडण्याची शक्यता आहे का?' हा शेवटचा प्रश्न.

त्रिफोनने प्रामाणिकपणे लिहिलं, 'आहे. पुढच्या एक फेब्रुवारीला, सकाळी साडेदहा वाजता.'