ज्याचं नाव त्याचं ताट

धुतलेली एकशे ऐंशी स्टीलची ताटं बेलटोलीच्या शाळेच्या व्हरांड्यात उन्हाला लावून ठेवली होती, आणि त्यांतलं कुठलं ताट कोणाच्या घरचं हे सांगणारी एकूण एक चिठ्ठी नळाच्या मोरीत लगदा होऊन बसली होती. टीनाने काडीने तो लगदा उकरला. एका तुकड्यावर फक्त 'बाई' एवढं वाचता आलं.

"बेलटोलीत बाया किती असतीन?" टीनाने विचारलं.

खुशबूने दुसरा तुकडा उलटून पाहिला. ती शाळेच्या हरित मंडळाची प्रमुख होती, आणि प्रमुखाने अशा वेळी शांत दिसायचं असतं एवढं तिला कळत होतं. मागच्या वर्षीपर्यंत हीच खुशबू हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायची की सरांनी तिला तीनदा गैरहजर मांडलं होतं. नववीत आल्यावर एका वक्तृत्व स्पर्धेत तिच्या गळ्यातून अचानक आवाज निघाला, आणि तेव्हापासून तो बंद होण्याचं नावच घेत नव्हता.

ताटांची कल्पना तिचीच. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचं जेवण चंदेरी यूज अँड थ्रो प्लेटांत झालं होतं. जेवणं आटोपली, वारा सुटला, आणि प्लेटा धानाच्या बांध्यांवरून उडत थेट तलावात गेल्या. आठवडाभराने तलावात मासेमारी करणाऱ्या मोतीलालने आपलं जाळं उचलून मुख्याध्यापक गभणे सरांच्या टेबलावर ठेवलं. आत चौदा प्लेटा होत्या आणि बोटाएवढी एक मासोळी. "मासोळी माही हाय," मोतीलाल म्हणाला, "बाकीचं तुमचं."

म्हणून यंदा खुशबूने प्रार्थनेनंतर उभं राहून सांगितलं की प्लेट विकत आणायची नाही, तीस घरांतून सहा-सहा ताटं मागून आणायची. जेवण झालं की राखेने घासायची, घासलेलं पाणी परसबागेतल्या वांग्यांना सोडायचं, उष्टं खताच्या खड्ड्यात टाकायचं. गभणे सरांना कल्पना पसंत होती, फक्त गावाची ओळख त्यांना जास्त होती. ताटं बदलतील, हरवतील आणि लोक माझ्या दारात येतील, असं ते म्हणाले. शेवटी ठरलं असं की एकदा करून पाहायचं. एकही तक्रार आली नाही, तर सव्वीस जानेवारीचं गावजेवणही स्टीलच्या ताटांत. एक जरी आली, तरी प्लेटांसाठी लाखनीच्या दुकानदाराला फोन आणि ताटांचा विषय कायमचा बंद.

जेवण तर असं झालं की काय सांगावं. आलू-वांग्याची भाजी, भात, वरण, बुंदी. मैदानात कागदाचा कपटा नाही. स्वतः गभणे सर "छान" म्हणाले, आणि सर वर्षातून दोनदाच छान म्हणत. मग मुलींनी गरम पाणी आणि राख घेऊन ताटं घासली, तीही अशा उत्साहाने की डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी एकाही पाठीवर उरली नाही.

"आता?" टीना म्हणाली.

खुशबूने जवळचं ताट उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: दादाजी २००७. दुसरं पाहिलं: सखाबाई. तिसरं, चौथं, सगळ्यांवर नावं. तिचा चेहरा असा उजळला की टीनाला तिथेच काळजी वाटायला लागली.

"अवं, नावं तर लिहूनच हायेत. आपण चिठ्ठ्या कायले लावल्या?"

आता, भेट दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं नाही, ही गोष्ट गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. खुशबूलाही होती. 'यांजकडून सप्रेम भेट' असं पूर्ण लिहिलेलं असतं तर तिला आठवलंही असतं. पण नाव टाकणारा अक्षरावर पैसे घेतो, म्हणून बेलटोलीचे लोक प्रेम आणि भेट दोन्ही गाळून नुसतं नाव टाकत. त्यातून शाळेत द्यायला कोणी रोजचं चेपलेलं ताट काढलं नव्हतं. पोरांसमोर, पाहुण्यांसमोर घरची लाज नको म्हणून प्रत्येकीने पेटीतली चकचकीत ताटं काढली होती. आणि पेटीत कोणती ताटं असतात? लग्नात, बारशात आलेली. म्हणजे एकशे ऐंशी ताटांवर नाव होतं, फक्त मालकाचं नव्हतं.

टीनाने एक शंका काढून पाहिली. शकुनबाईंच्या घरची सहा ताटं तिने स्वतः आणली होती, आणि शकुनबाईंचं नाव तर एकाही ताटावर दिसत नव्हतं.

"मंग त्यांचे कधीचेच बदलले असतीन," खुशबू म्हणाली. "इतक्या वर्षांत इकडचं तिकडं झालं असन. आपण मूळ मालकाले पोचवून राहिलो. एका कामात दोन कामं."

टीनाने सायकल काढली. इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसाशी वाद घालायला तिच्याजवळ तेवढी खात्री नव्हती. संध्याकाळपर्यंत हरित मंडळाच्या सहा सायकली गावभर फिरल्या आणि ज्याचं नाव त्याचं ताट या नियमाने एकूण एक ताट पोचतं झालं. काही घरी एकही गेलं नाही. सखाबाईंच्या घरी बावीस गेली, कारण त्यांचा हात पहिल्यापासून सढळ.

खुशबू घरी आली तेव्हा तिची आई बेबीबाई अकरा ताटं समोर घेऊन बसली होती.

"हे कोण आणून टाकले?"

"आमच्याच मंडळानं. तुहं नाव हाय ना, माय."

"नाव माहं हाय. पण याच्यातले सहा तर म्या चंदाच्या लग्नात देल्ले होते." चंदा म्हणजे बेबीबाईंची भाची, गावातच दिलेली. "तिनं माही भेट वापस काहून केली? काय चुकलं माहं?"

खुशबूने एक ताट उचलून कडेचं नाव पुन्हा वाचलं. आईचं काय चुकलं हे शोधायची गरज नव्हती. गावात आत्ता किती घरी कोणीतरी असंच ताट समोर घेऊन बसलं असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तो सगळा हिशेब एकाच वाक्यापाशी संपत होता: एक जरी तक्रार आली, तरी.

सकाळी उठून पाहते तर रस्त्यावरून दादाजींची बैलबंडी चालली होती. दादाजी म्हणजे गावातले जुने शेतकरी, बोलायला कमी आणि मनाला लावून घ्यायला भारी. २००७ साली त्यांनी पुतण्याला, लिलाधरला, लग्नात सहा ताटं दिली होती. ती परत आली याचा अर्थ पुतण्याने नातं तोडलं, यात त्यांना काही शंका राहिली नाही. मग त्यांनीही लिलाधरकडून आलेलं सगळं बंडीत भरलं: शिडी, फवारणीचा पंप, दोन पहारी आणि दिवाळीचं कॅलेंडर. बिचाऱ्या लिलाधरला ताटांचं काहीच माहीत नव्हतं. दारात शिडी उतरलेली पाहून तोही पेटला. दादाजींनी तीन वर्षांपूर्वी त्याला एक कालवड दिली होती. आता तिची गाय झाली होती आणि महिन्याभराचं वासरू होतं. त्याने गाय परत पाठवली. वासरू ठेवलं, कारण ते त्याच्या गोठ्यात जन्मलं होतं. नऊ वाजेपर्यंत गावाच्या एका टोकाला गाय आणि दुसऱ्या टोकाला वासरू असे दोघं हंबरून एकमेकांना हाका मारत होते.

खुशबू धावत दादाजींकडे गेली. खरं बोललं की सगळं सुटतं असं तिने त्या वक्तृत्व स्पर्धेतच सांगितलं होतं.

"आबाजी, लिलाधरकाकानं काही वापस नाही केलं. चूक माही हाय. टीनाले आता आठवलं, हे ताटं तर आम्ही शकुनकाकूच्या घरून आणले होते."

दादाजींचं तंबाखूचा खर्रा चघळणं थांबलं. "कोणाच्या घरून?"

"शकुनकाकूच्या."

"म्या लिलाधरले देल्लेले ताट शकुनच्या घरी काय करून राहिले होते?"

विचारपूस झाली तेव्हा निघालं ते असं. लिलाधरच्या बायकोने ती सहा ताटं शकुनबाईंच्या वास्तुपूजनाला तशीच कागदात गुंडाळून दिली होती. दादाजी आधी पुतण्यावर रागावले होते, आता सुनेवरही रागावले. तिथून निघून खुशबू शकुनबाईंकडे समजवायला गेली, तर तिथे तिसरंच. शकुनबाई इतकी वर्षं समजत होत्या की ती ताटं दादाजींनीच दिली, आणि त्या हिशेबाने त्यांनी दादाजींच्या नातवाच्या बारशाला चांदीचे वाळे दिले होते.

"म्हणजे लिलाधरनं मले काहीच नाही देल्लं," शकुनबाई हळूच म्हणाल्या. "अन् दादाजीनंही नाही."

दुपारपर्यंत खुशबूने सात घरी खरं सांगितलं आणि सातही घरी प्रकरण आधीपेक्षा वाढलं. कोणाचं ताट कोणामार्फत कोणाकडे गेलं, याची इतक्या वर्षांची गुपितं सायकलवरून घरोघर पोचत होती. टीना एवढंच म्हणाली की आठव्या घरी आपण खोटं बोलून पाहू का.

पण आठवं घर आलंच नाही, कारण तोवर गाव शाळेत आलं होतं. कोणी डोक्यावर, कोणी पोत्यात, कोणी सायकलच्या कॅरिअरला बांधून ताटं आणली होती. सगळे एकदम बोलत होते, म्हणून गभणे सरांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण ऐकू यायची गरज नव्हती. त्यांनी खुशबूकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. लाखनीचा दुकानदार गिऱ्हाइकात होता. त्याने दोन मिनिटं थांबायला सांगितलं, आणि सर कानाला फोन लावून थांबले.

खुशबूजवळ दोन मिनिटं होती. ती झेंड्याच्या ओट्यावर चढली. आवाज शाबूत निघाला.

"चूक माही हाय. कोणी कोणाची भेट वापस केली नाही. सगळे ताटं इथं ठेवा, अन् ज्याले जे आपलं वाटते ते घरी घेऊन जा."

ताटं धडाधड खाली आली. व्हरांड्यात रास लागली. मग सगळे त्या राशीभोवती उभे राहिले आणि कोणीच हात लावेना. दादाजींनी काठीने आपली सहा ताटं लिलाधरकडे सरकवली.

"घे. तुहे हायेत."

"नाव तुमचं हाय, काका. तुम्हीच न्या."

"देल्लेली वस्तू म्या वापस नेऊ? लोक थुंकतीन."

"अन् तुमच्या घरी एकदा वापस गेलेली म्या कोणत्या तोंडानं नेऊ?"

दोघांनी शकुनबाईंकडे पाहिलं. ताटं शेवटी त्यांच्याच पेटीतली होती. शकुनबाईंनी पदर खोचला. "मले कोणीच देल्ले नाही म्हणते, तं म्या कशी नेऊ?"

राशीच्या सगळ्या बाजूंनी हेच चाललं होतं. देणाऱ्याला परत घ्यायची लाज, घेणाऱ्याला परत मागायची. चंदा बेबीबाईंना म्हणत होती की मामी, तूच ने. बेबीबाई म्हणत होत्या की मी नेली तर तुझी सासू काय म्हणेल. सखाबाई तर बावीस ताटांकडे पाठ करून उभ्या होत्या, जणू ओळखच नाही. असं अर्धा तास चाललं, आणि मग एकेक जण रिकाम्या हातांनी, पण मान ताठ ठेवून घरी निघाला. मैदान मोकळं झालं. व्हरांड्यात एकशे ऐंशी ताटं उरली.

सरांचा फोन एव्हाना दोनदा कटला होता आणि तिसऱ्यांदा लागला होता.

"बोला सर, किती प्लेटा पाठवू?" दुकानदार विचारत होता.

गभणे सरांनी ताटांकडे पाहिलं, खुशबूकडे पाहिलं, पुन्हा ताटांकडे पाहिलं.

"एकही नको," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही नको."

सव्वीस जानेवारीला गावजेवण झालं ते त्याच ताटांत. दादाजी आणि लिलाधर शेजारी शेजारी बसले होते, आणि त्याचं श्रेय वासराला. वासराला दूध पाजायला लिलाधरला त्याला दोन वेळा दादाजींच्या गोठ्यात न्यावं लागायचं. दोन दिवस तो दोरी धरून मुक्याने उभा राहिला. तिसऱ्या दिवशी दादाजी म्हणाले, "बस न." चौथ्या दिवशी चहा झाला. गाय लिलाधरच्या घरी आली, शिडी दादाजींकडे परत गेली. ताटांविषयी मात्र दोघांनीही तोंड उघडलं नाही. पंगतीत भात घेऊन फिरणाऱ्या पोरांना तेवढी वाट पाहावी लागत होती, कारण वाढायच्या आधी प्रत्येक जण आपल्या ताटाची कड फिरवून नाव वाचत होता, आणि मग कोणाच्या नावात आपण जेवतोय ते शेजाऱ्याला दाखवून हसत होता.

जेवणं झाल्यावर गभणे सरांनी नाव टाकणाऱ्याला मशीनसकट बोलावलं. आता ताटं शाळेची झाली, तर शाळेचं नाव त्यावर असावं, एवढा त्यांचा साधा विचार होता. मशीन घूंऽ करून सुरू झाली तशी खुशबू धावत आली आणि तिने दोन्ही हात ताटावर पालथे घातले.

"सर, नाव नका टाकू."

"अगं, पण मग ताट कोणाचं ते कळायचं कसं?"

"तेच तर कळाले नको, सर," खुशबू म्हणाली.